कोकोस ते रॉड्रिग्ज: आडव्या लाटांमधले दोन हजार मैल

हिंदी महासागर शिडाच्या बोटीने ओलांडणारे बरेच जण ऑस्ट्रेलिया किंवा इंडोनेशियाकडून येऊन कोकोस कीलिंग बेटांवर थांबतात आणि तिथून रॉड्रिग्ज बेटामार्गे मॉरिशस गाठतात. कोकोस ते रॉड्रिग्ज हा त्यातला लांबचा टप्पा, जवळपास 2,000 सागरी मैलांचा. कागदावर तो निवांत वाटतो. जून ते ऑक्टोबर आग्नेयेचा व्यापारी वारा वाहत असतो, चक्रीवादळांचा मोसम संपलेला असतो, वाटेत ना खडक ना उथळ पाणी. बोट सहा-साडेसहा नॉटने (तासाला तितके सागरी मैल) चालत राहिली तर दोन आठवड्यांत पलीकडे. आम्हीही साधारण तेवढ्यात पोचलो, पण पोचलो तेव्हा आपोआप सुकाणू धरणारा ऑटोपायलट बंद होता आणि सुकाणूची तार दोरीने सांधलेली होती. या वाटेने जायचा विचार करणारे मराठी लोक आता भेटू लागले आहेत, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

बोट 42 फुटी, एका डोलकाठीची. माझा मावसभाऊ, आमचा दादा, मर्चंट नेव्हीत इंजिनिअर होता. आता वहिनीबरोबर ऑस्ट्रेलियात फ्रीमँटलला असतो. बोट त्या दोघांची. मी पर्थहून विमानाने कोकोसला जाऊन त्यांना मिळाले. चौथा तिथलाच एक तरुण, शिडांच्या कामात तरबेज.

कोकोसला बोटी डायरेक्शन आयलंडच्या आडोशाला नांगर टाकतात. पाणी इतकं नितळ की नांगराची साखळी तळापर्यंत दिसते. 1914 साली मद्रासवर गोळे टाकणारी जर्मन युद्धनौका एमडन याच बेटावरचं तारयंत्राचं ठाणं उडवायला आली होती आणि इथेच संपली. बेट सुंदर आहे, पण बाजारहाट म्हणून त्यावर विसंबू नका. ताजी भाजी विमानाने येते, महाग असते आणि कधी कधी नसतेच. डिझेल जेरीकॅनमधून वाहून आणावं लागतं. हा ऑस्ट्रेलियाचा प्रदेश असल्यामुळे व्हिसा आधी लागतो आणि जैवसुरक्षेची तपासणी कडक असते. ताजी फळं-भाज्या आणि बिया बोटीवर साठवून तिथे जाऊ नका.

आता मुख्य मुद्दा. या टप्प्यावर माणसाला आणि बोटीला दमवतो तो वारा नव्हे. दमवतात त्या लाटा. वाऱ्याने उठलेल्या लाटा आग्नेयेकडून, म्हणजे डाव्या हाताने मागून येतात. त्यांच्याखालून दुसरीच लांबलचक फुगवट सरकत असते. खाली दक्षिण महासागरात हजारो किलोमीटरवर झालेल्या वादळांची ती फुगवट, दक्षिण-नैऋत्येकडून, डाव्या हाताने पुढून येणारी. दोन्हींचे माथे एका जागी आले की बोट आधी उचलली जाते आणि मग आडवी फेकली जाते. ही वेळ कधी येईल ते सांगता येत नाही. एरवी नुसता हेलकावा चालू असतो, आणि तो थांबत नाही. पाच सेकंदांना एक हेलकावा धरला तरी दिवसाला सतरा हजारांवर होतात. तेवढ्या वेळा प्रत्येक दोरी आपल्या कप्पीवर घासते, प्रत्येक तार वाकते, प्रत्येक बोल्ट किंचित हलतो. इथली मोडतोड एका तडाख्याने क्वचित होते. ती झिजून होते. तयारीही त्याच हिशेबाने करायला हवी.

हवामानाचं सांगायचं तर फक्त आपल्या वाटेवरचा वारा बघून भागत नाही. दक्षिणेला पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकणारे उच्च दाबाचे प्रदेश बघा. 1035 हेक्टोपास्कलच्या वरचा एखादा मोठा प्रदेश खालून जायला लागला की व्यापारी वारा 20 नॉटवरून 30 वर चढतो आणि तीन-चार दिवस तिथेच राहतो. ग्रिब फाइलमधला, म्हणजे हवामान अंदाजाच्या फाइलमधला, आकडा सरासरीचा असतो. झोत त्याहून चाळीस टक्क्यांपर्यंत जास्त धरून चालावं. वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे 20 आणि 28 नॉट ऐकायला जवळचे वाटले तरी शिडावरचा भार जवळजवळ दुप्पट झालेला असतो.

आमच्या वाट्याला असा एक प्रदेश अर्ध्या वाटेच्या थोडा अलीकडे आला. वारा 30 ते 35, पावसाच्या सरींबरोबर 40 च्या वर. मेनसेलला, म्हणजे मुख्य शिडाला, तिसरा रीफ घेतला (शीड आवरून लहान करण्याची तिसरी पायरी) आणि जेनोआ, म्हणजे पुढचं शीड, रुमालाएवढा ठेवला. दादाचा नियम होता की वारा कितीही गोड असला तरी सूर्य मावळायच्या आत एक रीफ जास्तीचा घ्यायचा. यात दिवसाला दहा-पंधरा मैल जातात, पण रात्री दोन वाजता सगळ्यांना उठवून डेकवर पाठवावं लागत नाही. हा नियम मला पूर्ण पटला आहे. रात्रीच्या सरी रडारवर स्पष्ट दिसतात. तासाला दोनदा तरी रडार लावून बघा. मेनसेलखालचा आडवा दांडा, म्हणजे बूम, बांधून ठेवणारी प्रिव्हेंटरची दोरी कॉकपिटमधून सोडता येईल अशीच लावा. आणि हार्नेसची (अंगावरच्या सुरक्षा पट्ट्याची) कडी जिन्यात उभं असतानाच अडकवा, बाहेर पाय टाकल्यावर नव्हे.

ऑटोपायलट याच वाऱ्यात गेला. आडव्या लाटांत त्याची मोटर एक क्षणही थांबत नव्हती. आधी जळका वास आला, मग सुकाणू सुटलं. उघडून पाहिलं तर कार्बन ब्रश झिजून संपले होते आणि आतला कम्युटेटर (ब्रश ज्यावर टेकतात तो फिरता भाग) काळा पडून चरे पडलेला. ब्रश जवळ होते, ते बदलले. तासाभरात पुन्हा बंद. तेव्हा विंडव्हेन लावली. मागच्या बाजूला बसवलेलं हे यंत्र वाऱ्यावर चालतं, वीज खात नाही, आणि जोराच्या वाऱ्यात तर ते माणसापेक्षा बरं सुकाणू धरतं. त्याच्या दोऱ्या मात्र कप्पीपाशी घासतात. रोज सकाळी त्या बोटभर सरकवून घ्या, म्हणजे घासणारी जागा बदलत राहते. शीड वर चढवणाऱ्या दोरीचं, हॅलयार्डचंही तेच.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. ऑटोपायलटचा दांडा बहुतेक वेळा स्वतःच्या वेगळ्या आर्मने थेट सुकाणूच्या खांबाला जोडलेला असतो. चाक आणि सुकाणू जोडणारी स्टिअरिंगची तार तुटली तरी असा पायलट बोट चालवू शकतो. चाक असलेल्या बोटीवर विंडव्हेनच्या दोऱ्या मात्र सहसा चाकावरच्या ड्रमला येतात, म्हणजे तिची सगळी मदार त्या तारेवर. पायलट गेल्यावर आमचं सगळं एका तारेवर आलं होतं आणि ती तार रात्रंदिवस मागे-पुढे चालत होती. आपल्या बोटीवर कुठली गोष्ट कशावर टेकलेली आहे, हे निघण्यापूर्वी कागदावर काढून बघा. अर्ध्या तासाचं काम आहे.

तार तुटली ती पहाटे, माझ्या पाळीत. चाक एकदम हलकं झालं. बोट झर्रकन वाऱ्याकडे वळली, लाटांना आडवी झाली, आणि जेनोआ इतका फडफडायला लागला की मागची दोरांची जाळी थरथरत होती. दादा वर आला आणि एवढंच म्हणाला, "आधी बोट शांत कर, मग सुकाणूचं बघू." जेनोआ पूर्ण गुंडाळला, प्रिव्हेंटर सोडला, तिसऱ्या रीफचं मेनसेल मधोमध ओढून घेतलं. बोट आपोआप वाऱ्याशी तिरपी झाली आणि तशीच राहिली. मग कॉकपिटच्या मागचं झाकण उघडून आणीबाणीचा टिलर (सुकाणू थेट फिरवायचा दांडा) बसवला आणि वाऱ्याच्या उलट्या बाजूला बांधून टाकला. पाच मिनिटांपूर्वी उभंही राहता येत नव्हतं. आता वहिनीने खाली चहा टाकला. वारा तेवढाच होता, लाटाही तेवढ्याच. हे 'हीव्ह टू' करणं प्रत्येक बोटीवर थोडं वेगळं जमतं, म्हणून बऱ्या हवेत दोन-तीनदा करून आपल्या बोटीचा स्वभाव ओळखून ठेवा.

ते झाकण कोकोसला असतानाच आम्ही उघडून पाहिलं होतं. मिठाने इतकं घट्ट बसलं होतं की तेल सोडून रात्रभर ठेवावं लागलं. मग ग्रीस लावून बसवलं आणि टिलर जोडून खाडीत एक फेरीही मारली. तेव्हा कळलं की टिलर आखूड आहे, एका माणसाला लाटांत तो आवरणार नाही. दोन्ही बाजूंना कप्प्या लावून दोऱ्या विंचवर (दोर ओढायच्या रहाटावर) न्याव्या लागतात. त्या कप्प्या टिलरसोबतच एका पिशवीत बांधून ठेवल्या होत्या.

दुरुस्ती मागच्या कप्प्यात, डोकं खाली घालून. क्वाड्रंट नावाचं सुकाणूवरचं जाड चाप हेलकाव्यात जोरात फिरत असतं. बोटं सहज चिरडतील. टिलर दोन्हीकडून बांधून क्वाड्रंट पक्का थांबल्याशिवाय आत हात घालायचा नाही. तार क्वाड्रंटला जिथे मिळते त्या टोकापाशीच तुटली होती. शाबूत टोकाला थिंबल (फासाच्या आत बसणारी धातूची खोबण) घालून तीन क्लिपांनी फास केला. क्लिप लावताना तिचं खोगीर भार घेणाऱ्या तारेवर आणि यू-बोल्ट मोकळ्या टोकावर यायला हवा. उलटं लावलं तर भार घेणारी तारच चेपते. फासापासून क्वाड्रंटपर्यंत डायनिमाच्या (अतिशय मजबूत कृत्रिम धाग्याच्या) दोरीचे बरेच वेढे ताणून घेतले. डायनिमा गुळगुळीत असते, क्लिपमध्ये धरत नाही, सरकते. म्हणून क्लिप तारेला आणि वेढे दोरीचे, अशी वाटणी. ही सांधणी रॉड्रिग्जपर्यंत टिकली. रोज सकाळ-संध्याकाळ बॅटरी घेऊन बघायचो.

जाणाऱ्यांनी साखळीसकट तयार तारांचा एक जोड बरोबर घ्यावा. तार तपासायची तर तिच्यावरून सुती फडकं फिरवा. कुठे अडकलं तर तिथला एखादा धागा तुटलेला आहे. पण टोकांच्या आत आणि कप्पीच्या वळणावर फडकं पोचत नाही. म्हणून जुनी तार दिसायला चांगली असली तरी बदलून निघावं असं माझं स्पष्ट मत आहे. समुद्रात सुकाणू जाणं ही नवख्यांवरच येणारी वेळ नव्हे. गोव्यात दिवाडीला बांधलेली नौदलाची तारिणी 2018 मध्ये पृथ्वीप्रदक्षिणेच्या शेवटच्या टप्प्यावर होती, तेव्हा स्टिअरिंग बिघडल्यामुळे तिलाही ठरलेलं नसताना पोर्ट लुईसला थांबावं लागलं होतं.

डिझेलचा प्रश्न वारा उतरल्यावर आला. ढगांमुळे सौर पॅनेलवर भागेना, म्हणून बॅटरीसाठी इंजिन लावलं, तर वीस मिनिटांत बंद. फिल्टरच्या काचेच्या वाटीत काळा गाळ. इतके दिवस टाकी ढवळून निघाली की तळाचा सगळा मळ वर येतो, तेव्हा हे बहुतेक बोटींवर होतं. फिल्टर बदलून, हवा काढून इंजिन चालू झालं. एक-दोन फिल्टर घेऊन निघू नका, डझनभर घ्या. आणि हवा काढायची पद्धत एकट्या कॅप्टनला नव्हे, बोटीवरच्या प्रत्येकाला आली पाहिजे.

खाण्यापिण्यात आम्हाला तारलं ते वहिनीच्या कुकरने. झाकण बंद असल्यामुळे कुकर कलंडला तरी काही सांडत नाही. मुगाची खिचडी त्यातच शिजायची आणि खोल वाडग्यात मांडीवर धरून खायची. ज्या दिवशी शेगडी पेटवणंच शक्य नव्हतं तेव्हा पोहे, गूळ, शेंगदाणे आणि मेतकूट. बोट लागण्यावरची गोळी निघायच्या आदल्या रात्रीच घ्या. उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात राहत नाही. पाळ्या तीन-तीन तासांच्या ठेवल्या. झोप मिळाली नाही तर माणूस साधी गाठही चुकवतो.

रॉड्रिग्जला बंदर पोर्ट मॅथुरिन. जवळ आल्यावर रेडिओच्या चॅनल 16 वर कोस्टगार्डला कळवा. प्रवाळातून कापलेल्या अरुंद वाटेने आत जायचं असतं, तेव्हा दिवसाउजेडी पोचेल असा वेग ठेवा. उशीर झाला तर रात्र बाहेरच काढा. मॉरिशसहून मालवाहू जहाज येतं तेव्हा शिडाच्या बोटींना बंदराबाहेर जावं लागतं, ते गेल्यावर परत आत. म्हणजे दुरुस्तीसाठी इंजिन किंवा सुकाणू उघडण्यापूर्वी जहाजाची तारीख विचारून घ्यायची. शनिवारचा बाजार चुकवू नका. तिथली मिरची आणि लिंबाचं लोणचं आपल्या जिभेला लगेच ओळखीचं वाटतं. सुटे भाग मात्र बेटावर मिळतील असं धरून चालू नका, ते बहुतेक मॉरिशसहून मागवावे लागतात.

पुढचा मॉरिशसचा टप्पा साडेतीनशे मैलांचा, पण सुकाणू पक्कं झाल्याशिवाय दादा निघाला नाही. पोर्ट लुईसला नवी तार आणि पायलटची मोटर दोन्हींची सोय झाली. तिथल्या कोडाँच्या धक्क्यापासून आप्रवासी घाट चालत जाण्याएवढा जवळ आहे. 1834 पासून हिंदुस्थानातले करारबद्ध मजूर तिथे उतरवले गेले आणि त्यांत मराठी माणसंही होती. त्यांचे वंशज आजही मॉरिशसमध्ये गणपती बसवतात. गणेशोत्सवात तिथे सार्वजनिक सुट्टी असते. कस्टम, कुरिअर आणि कारखान्याची कामं त्या दिवसाच्या आधी उरका. पुढे दक्षिण आफ्रिकेला जाणाऱ्यांनी मॉरिशस किंवा रियुनियन सोडायला ऑक्टोबरअखेरच्या पुढे जाऊ नये, कारण नोव्हेंबरपासून चक्रीवादळांचा मोसम लागतो. दुरुस्तीसाठी लागणारे दिवस त्या तारखेपासून मागे मोजून कोकोसहून निघायची तारीख ठरवा.