१६ एप्रिल : तेव्हा सुट्टी, आता लेट मार्क

१८५३ साली याच तारखेला दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून ठाण्याला देशातली पहिली प्रवासी रेल्वेगाडी सुटली. १४ डबे, ४०० पाहुणे, २१ तोफांची सलामी आणि ओढायला साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं. वर सार्वजनिक सुट्टी! आज त्याच ३४ किलोमीटरला स्लो लोकल तासभर घेते आणि तोफा डागायला ऑफिसातला एकटा साहेब पुरतो.

संध्याकाळी ठाण्याला उतरायचं तर मुलुंडलाच दाराकडे सरका. सॅक पाठीवरून पोटावर. पुढच्याला विचारा, "ठाणा क्या?" तो 'कळवा' म्हणाला की लगेच जागेची अदलाबदल करून घ्या. नाहीतर दोघंही दारातच अडकता, तेवढ्यात चढणारे आत ढकलतात आणि कळवा फुकटात बघायला मिळतो. फुकटात म्हणजे, पास ठाण्यापर्यंतचाच असेल तर टीसी भेटेपर्यंत.