जॅकेटच्या आत सोलापूरची सवय चालत नाही

"सोलापूरच्या उन्हात वाढलेला माणूस तुम्ही, तुम्हाला बुलेटप्रूफ जॅकेटचा काय त्रास होणार?" सैन्यातून निवृत्त होऊन घरी आल्यापासून हा प्रश्न मला सतत विचारला जातो. पहाटे भरतीच्या तयारीसाठी धावणारी मुले विचारतात, लग्नकार्यात भेटणारे पाहुणे विचारतात, आणि गेल्या आठवड्यात गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यातल्या कटिंग मास्तरांनीही विचारले. सगळेच विचारतात म्हणून एकदा नीट सांगतो. त्रास होतो, भरपूर होतो, आणि उन्हाच्या सवयीचा तिथे फारसा आधार मिळत नाही.

आपल्याकडचा उन्हाळा कोरडा असतो. पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर गेला तरी माठातले पाणी गार लागते, कारण माठाच्या अंगावर पाझरलेले पाणी वाळताना आतली उष्णता घेऊन जाते. आपल्या शरीराचा व्यवहारही तोच आहे. १ लिटर घाम अंगावर पूर्ण वाळला तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बाहेर नेतो. नुसता टपकून जमिनीवर पडला तर जवळजवळ काहीच नेत नाही. उन्हात राबणाऱ्याचे शरीर दहा ते चौदा दिवसांत हे काम अंगवळणी पाडून घेते, म्हणजे घाम लवकर सुटतो, जास्त सुटतो आणि त्यातून मीठ कमी जाते. आपण जिला उन्हाची सवय म्हणतो ती मुख्यतः हीच. पण छाती, पाठ आणि कुशी जाड थरांनी झाकल्यावर तिथला घाम वाळणार कुठे? माठाला प्लॅस्टिक गुंडाळले तर पाणी कोमटच राहणार, मग माठ कितीही चांगल्या मातीचा असो. शिवाय ही सवय काही जन्माची नसते. थंड मुलखात काही आठवडे काढले की ती उतरते.

माझे वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर टॉवेल विणत असत. सूत कोरडे पडले की तुटते, म्हणून शेडमध्ये हवा दमट ठेवावी लागे. लहानपणी त्यांचा डबा घेऊन मी तिथे गेलो की बाहेरच्या उन्हापेक्षा आतली हवा जास्त सोसवत नसे, आणि त्यांचा बनियन पाठीला असा चिकटलेला असे की तो ओढून सोडवावा लागे. पुढे अनेक वर्षांनी जम्मूतल्या राजौरीकडे ऐन पावसाळ्यात रस्ता खुला ठेवण्याच्या ड्युटीवर पहाटेपासून उभा असताना मला उन्हाळ्यातला सोलापूरचा रस्ता आठवला नाही, ती मागाची शेड आठवली. हवा तर दमट होतीच, जॅकेटच्या आतली हवा त्याहूनही दमट होती. अमेरिकी लष्कराच्या तक्त्यांमध्ये दमट हवेत चिलखत घातलेल्या सैनिकासाठी उष्णतेच्या निर्देशांकात सुमारे ३ अंश सेल्सिअस वाढवून धरायला सांगितले आहे. हा आकडा मी पुष्कळ नंतर वाचला, पण अंगाला तो आधीच ठाऊक होता. चालताना स्नायू जी शक्ती खर्च करतात तिचा जेमतेम पाचवा-चौथा हिस्सा कामी येतो आणि उरलेली उष्णता होऊन अंगातच राहते, त्यामुळे ओझे वाढले की आतली भट्टीही वाढते.

ओझ्याबद्दल लोक फक्त किलो विचारतात. आमच्या वेळची जुनी जॅकेटे १७ किलोच्या आसपास होती. त्याशिवाय डोक्याला पटका, म्हणजे गोळी अडवणारे शिरस्त्राण, शिवाय रायफल, मॅगझिन आणि पाणी. पण वजन किती यापेक्षा ते कुठे बसते याला मी जास्त महत्त्व देतो. मला एकदा माझ्या मापापेक्षा मोठे जॅकेट मिळाले होते. त्याचा सगळा भार दोन्ही खांद्यांच्या पट्ट्यांवर आला, आणि तिसऱ्या तासाला डाव्या हाताच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या, कारण पट्टा मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांवर दाब देत होता. पालथे पडून नेम धरायला गेलो की पाठीचा भाग वर सरके, त्यावर पटक्याची मागची कड टेके, आणि मान उचलता येत नसे. ज्या कपड्यात सैनिकाला समोर बघता येत नाही तो कपडा त्याचे पुरते रक्षण करत नाही, असे माझे तेव्हापासूनचे ठाम मत आहे. कुशीचे पट्टे आवळून भार थोडा कमरेवर घेतला की खांदे सुटतात, पण जास्त आवळले तर श्वास पुरा भरत नाही. ही मधली जागा ज्याची त्याला शोधावी लागते.

सुखही आहे, ते सांगितले नाही तर खोटे ठरेल. डिसेंबरच्या रात्री वारा सुटला की तेच जॅकेट छातीला ऊब देते. आणि ड्युटी संपवून ते उतरवले की ओल्या पाठीवर पहिला वारा लागतो, तेव्हा आपण अचानक हलके होऊन वर उचलले जातो आहोत असे वाटते. नंतर शर्ट वाळला की पट्ट्यांच्या कडेने मिठाची पांढरी रेघ उमटलेली दिसते.

आता जॅकेटे हलकी होत आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. संरक्षण संशोधन करणारी सरकारी संस्था डीआरडीओ आणि आयआयटी दिल्ली यांनी २०२४ मध्ये पुढे आणलेल्या 'अभेद' या जॅकेटचे किमान वजन संरक्षणाच्या पातळीनुसार ८.२ किंवा ९.३ किलो आहे. पॉलिमर आणि बोरॉन कार्बाइड या सिरॅमिकच्या बळावर ते साधले. गोळी अडवणारा थर हवा जाऊ देणार नाही, हे मात्र तसेच राहणार.

म्हणून कटिंग मास्तरांना मी आतल्या कपड्याबद्दलच सांगितले. निव्वळ सुती कापड घाम शोषते, पण दाबाखाली वाळत नाही, आणि ओली शिवण कातडी सोलते. खांद्यावरची शिवण पट्ट्याखालून काढून पुढे छातीकडे घ्या आणि बगलेत जाड गोट ठेवू नका. मास्तरांनी खिशातला खडू काढला, माझ्याच खांद्यावर पट्टा बसतो तिथे दोन रेघा मारल्या, आणि विचारले, "इथून इथपर्यंत शिवण नको, एवढेच ना?" मी म्हटले, "एवढेच, पण दोन्ही खांद्यांना."