आमची वाटचाल : हादरणाऱ्या गाड्यांचं गॅरेज

गाडी उंच केली, टायर मोठे टाकले की ती हादरणारच, असं कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आम्ही शटर उघडलं तेव्हापासून ऐकतोय. हे खोटं आहे. पाट्यांच्या स्प्रिंगवर (लीफ स्प्रिंगवर) चालणारी मारुतीची जिप्सी मऊ चालणार नाही, हे मान्य. पण सीट थरथरणं, स्टिअरिंग हातातून सुटू पाहणं, गिअरच्या दांड्याला झिणझिण्या येणं याला प्रत्येक वेळी ठरावीक कारण असतं आणि ते मोजून सापडतं. आमचा धंदा या मोजण्यावर उभा आहे, आणि बाजारात या मोजण्याचेच पैसे द्यायला कुणी तयार नसतं.

सुरुवात भागीदारीत झाली. सस्पेन्शनचं काम आमच्याकडे आणि लेथ मिस्त्रींकडे. उद्यमनगर त्यांना मिस्त्री याच नावानं ओळखायचं. त्यांची हत्यारं मोजकीच होती : चुंबकी बूडाचा डायल गेज, कोन मोजायचा मॅग्नेटिक गेज, ताणकाटा, सेंटर पंच आणि खडू. प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे अॅक्सलपर्यंत ताकद नेणारा फिरता दांडा, खोलायच्या आधी फ्लँजवर (बोल्टने जोडायच्या चकतीवर) आणि स्लिप जॉइंटच्या (आतबाहेर सरकणाऱ्या दातेरी जोडाच्या) दोन्ही भागांवर पंचाची खूण केली नाही, तर ते पोराच्या हातातला पाना काढून घ्यायचे. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक, म्हणजे क्रॉस (वळता सांधा) धरणारे काटे, एका पातळीत असावे लागतात. ग्रीसिंगसाठी स्लिप जॉइंट ओढला आणि परत बसवताना एक दाता चुकला, तरी एका क्रॉसचा वेगातला चढउतार दुसरा क्रॉस पूर्ण खोडू शकत नाही आणि चांगला शाफ्ट थरथरायला लागतो. हल्ली शाफ्ट बदलायला म्हणून येणाऱ्या गाड्यांत अशा गाड्या पुष्कळ असतात. खूण शोधायची, दाता जुळवायचा, काम संपलं.

पहिली वर्षं बरी गेली. दाजीपूरकडे चालणाऱ्या जिप्सी, गगनबावड्याचा घाट रोज चढणाऱ्या जीप, सांगलीकडच्या द्राक्षबागायतदारांच्या थार. काम मिळत गेलं, नाव झालं.

आमची पद्धत तेव्हा ठरली ती आजही तीच आहे. गाडी रॅम्पवर घ्यायच्या आधी रस्त्यावर घ्यायची. मोकळ्या सरळ रस्त्यावर, समजा, ८० ला कंपन येतं. त्याच वेगाला पाचव्या गिअरमधून चौथ्यात या. कंपन तसंच राहिलं तर इंजिन बाजूला झालं. गिअर बदलताच ते बदललं तर इंजिन, क्लच किंवा इंजिनचे माउंटिंग बघायचे. मग न्यूट्रल करून गाडी तशीच धावू द्या. न्यूट्रलमध्येही राहिलं तर चाक किंवा शाफ्टचं असंतुलन. फक्त अॅक्सिलरेटर दाबल्यावर येत असेल तर शाफ्टचे कोन, कारण जोर लागला की पाटे पिळवटतात आणि पिनियनचं नाक, म्हणजे शाफ्ट जिथे अॅक्सलला जोडला जातो ते टोक, वर उचललं जातं. अॅक्सिलरेटर सोडल्यावर घरघर वाढत असेल तर पिनियन बेअरिंगची ढिलाई बघा. ब्रेक मारल्यावरच येत असेल तर डिस्क किंवा ड्रम. स्टिअरिंग हललं तर बहुधा पुढची चाकं, सीट हलली तर मागची चाकं किंवा शाफ्ट. जिप्सीला हाताने फिरवायचे फ्री-व्हील हब (पुढची चाकं पुढच्या अॅक्सलला जोडायची-सोडायची कुलुपं) असतील तर ते सोडून एक फेरी, लावून एक फेरी. हब लावल्यावरच कंपन येत असेल तर दोष पुढच्या शाफ्टकडे किंवा पुढच्या हाउसिंगमध्ये (अॅक्सलच्या लोखंडी कवचात) आहे.

यानंतर हिशोब. २३५/७५ आर १५ टायरचा व्यास साधारण ७३३ मिलीमीटर, घेर २.३ मीटर. ८० च्या वेगाला ते चाक मिनिटाला ५८० फेरे मारतं, म्हणजे सेकंदाला जवळजवळ १०. डिफरन्शियलचा रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात शाफ्टचे किती फेरे, तो ३.९ धरला तर प्रोपेलर शाफ्ट मिनिटाला २,२६० च्या आसपास, सेकंदाला ३८. क्रॉसचा कोन चुकला तर एका फेऱ्यात दोन धक्के, म्हणून ७५. जिप्सीत आणखी एक गंमत आहे. तिची ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या अॅक्सलला ताकद वाटणारी पेटी, गिअरबॉक्सपासून वेगळी, चासीला रबरी माउंटिंगवर टांगलेली असते आणि दोघांच्या मध्ये एक आखूड शाफ्ट असतो. ट्रान्सफर केसच्या हाय रेंजचा (नेहमीच्या रस्त्यावरच्या गिअरचा) रेशो १.४०९ आहे, त्यामुळे हा आखूड शाफ्ट मागच्या शाफ्टपेक्षा तितका जास्त फिरतो, सेकंदाला ५३ फेरे. सेकंदाला दहाचं कंपन असेल तर टायर, ३८ चं असेल तर मागचा शाफ्ट, ५३ चं असेल तर मधला आखूड शाफ्ट. ट्रान्सफर केसचं एक माउंटिंग फाटलं की ती एका बाजूला झुकते आणि आखूड शाफ्टचे दोन्ही क्रॉस वाकड्यात चालतात. लोक मागचा शाफ्ट दोनदा बॅलन्स करून घेतात आणि कंपन तिथेच राहतं, ते यामुळे.

हे फोनवरच्या कंपन मोजणाऱ्या अॅपनेही दिसतं. फोन सीटच्या रेलला घट्ट बांधा, फोममध्ये ठेवू नका. पण फोन सेकंदाला १०० नोंदी घेत असेल तर ५० च्या वरचं त्याला नीट दिसत नाही; ७५ चं कंपन तो २५ म्हणून दाखवतो. त्या २५ च्या मागे लागून लोकांनी नवे टायर घेतलेले आम्ही पाहिलेत.

आता जे सांगायला हवं ते सांगतो. उद्यमनगरच्या बाहेर एका अॅक्सेसरीच्या दुकानाने लांब शॅकल, म्हणजे पाट्याचं एक टोक चासीला टांगणाऱ्या पट्ट्या, विकायला सुरुवात केली. मूळ शॅकलपेक्षा ५० मिलीमीटर लांब, गाडी २५ मिलीमीटर वर. एका पर्यटन व्यावसायिकाने आपल्या सगळ्या जिप्सींना ते बसवून घेतले. महिना-दोन महिन्यांत क्रॉस तुटायला लागले, म्हणून शाफ्ट नवीन करायला गाड्या आमच्याकडे. आम्ही नळी, योक, क्रॉस, बॅलन्सिंग सगळं केलं. बॅलन्सिंग मशीन तेव्हा कर्जावर नुकतंच आलेलं होतं. गाड्या पुन्हा थरथरल्या आणि त्या दुकानदाराने बाजारभर केलं की उद्यमनगरच्या शाफ्टनी गाड्या बसवल्या. व्यावसायिकाने बिल अडवलं. मशीनचे हप्ते थकले. इतर गिऱ्हाइकं चौकशी न करताच थांबली. मिस्त्रींनी स्वतःचा लेथ विकायला काढला होता, इतकी वेळ आली.

मिस्त्रींनी त्यातल्या एका गाडीला खाली झोपून गेज लावला. आकडे असे होते. ट्रान्सफर केसचा मागचा फ्लँज ३ अंश खाली झुकलेला, शाफ्टचा उतार ९ अंश, पिनियनचं नाक ६ अंश वर. म्हणजे पुढच्या क्रॉसचा कोन ६ आणि मागच्याचा ३. हे दोन कोन सारखे हवेत, फरक एक अंशाच्या आत. मूळ जिप्सीत पिनियन ३ अंशावर होता आणि फ्लँजला समांतर होता. मागचे शॅकल पाट्याच्या मागच्या टोकाला असतात. ते लांब केले की पाट्याचं मागचं टोक खाली जातं, हाउसिंग फिरतं आणि पिनियनचं नाक वर जातं. सुमारे मीटरभर लांबीच्या पाट्यावर ५० मिलीमीटरमध्ये जवळपास ३ अंश. शाफ्टचा काही संबंध नव्हता.

उपाय पाटा आणि हाउसिंगच्या मध्ये ३ अंशांची पोलादी पाचर. मूळ जिप्सीत पाटे हाउसिंगच्या खाली असतात, त्यामुळे पिनियन खाली आणायला पाचरीची जाड बाजू मागे. पाटे हाउसिंगच्या वर घेतलेले असतील तर हेच उलटं होतं आणि जाड बाजू पुढे येते. ही दिशा चुकली की ३ अंशांचा फरक ६ अंशांचा होतो आणि गाडी आधीपेक्षा वाईट चालते. पाटे एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टचं डोकं पाचरीतून हाउसिंगच्या भोकात पूर्ण बसलं पाहिजे, जुना बोल्ट आखूड पडतो. यू-बोल्ट नवे, चारही सारखे आवळायचे, आणि शंभर-दोनशे किलोमीटरनंतर परत आवळायचे. अॅल्युमिनियमची पाचर वापरू नका. यू-बोल्टच्या दाबाखाली आणि पाट्याच्या हालचालीत ती चेपते, तडकते, आणि ढिल्या हाउसिंगने सेंटर बोल्ट कापला जातो.

गाड्या गुळगुळीत चालल्या. बिल आजतागायत मिळालं नाही. त्या दुकानात आता पाचरी मिळतात, अॅल्युमिनियमच्या.

त्या काळात एक गिऱ्हाईक आमच्याकडून हललं नाही. आजऱ्याचे काका, काजूची बाग, जुनी जिप्सी किंग. बाजारात काही बोललं जात असताना त्यांनी गाडी आमच्याच दारात उभी केली आणि पैसे आगाऊ दिले. त्यांची तक्रार कंपनाची नव्हती, कडकपणाची होती. नवे पाटे टाकले, नवे शॉकअॅब्सॉर्बर टाकले, तरी प्रत्येक खड्डा पाठीत. कारण साधं होतं आणि आजही दहा गॅरेजांतून तेच केलं जातं : गाडी जॅकवर, चाकं लोंबकळत, आणि त्याच स्थितीत शॅकलचे आणि पाट्याच्या डोळ्यातले बोल्ट पूर्ण आवळलेले. रबरी बुश त्या लोंबकळलेल्या स्थितीत जखडतो. गाडी खाली आली की तो सतत पिळलेला राहतो, पाटा मोकळा हलत नाही, आणि काही महिन्यांत बुश फाटतो. बोल्ट हाताने लावा, गाडी चाकांवर उतरवा, दोन-चारदा दाबून हलवा, मगच टॉर्क पान्याने आवळा. काकांच्या गाडीला शॅकलचा कोनही चुकला होता. उभ्या गाडीत शॅकल आडवा पडायला आला असेल तर पाट्याला लांब व्हायला जागाच उरत नाही. पाट्यांच्या मध्ये चिखल वाळून गंज धरलेला असेल तर ते सोडवून, घासून, टोकांखाली नायलॉनच्या पट्ट्या टाकाव्यात.

शॉकअॅब्सॉर्बरची लांबी तपासायला दांड्यावर प्लास्टिकचा टाय बांधा आणि खडबडीत रस्त्यावर फेरी मारा. टाय पार बुडापर्यंत ढकलला गेला असेल तर शॉक बंप स्टॉपच्या (अॅक्सल चासीवर आदळू नये म्हणून लावलेल्या रबराच्या) आधीच दबून संपतोय. आणि हवा. एलटी (लाइट ट्रक) टायरच्या भिंतीवर लिहिलेला दाब हा कमाल दाब असतो, तुमच्या गाडीचा नव्हे. हजारेक किलोच्या जिप्सीला रुंद टायरवर २२ ते २६ पीएसआय पुरतं. टायरवर आडवी खडूची रेघ ओढा, सरळ शंभर मीटर चालवा. रेघ फक्त मधून पुसली तर हवा जास्त आहे.

टायर संशयित असेल तर डायल गेज लावून उंची-खोलीचा फरक बघा. दीड मिलीमीटरच्या वर गेला तर रिमवर टायर अर्धा फेरा फिरवून परत मोजा, बरेचदा दोघांचे दोष एकमेकांना खोडतात. चिखलातून आल्यावर रिमच्या आतल्या बाजूचा वाळलेला गोळा काढा. चाक बाहेर सरकवणारे स्पेसर लावलेल्या गाड्यांत स्पेसरचं मधलं भोक हबवर घट्ट बसतं का ते बघा. न बसणाऱ्या स्पेसरवर कितीही वजनं चिकटवा, चाक केंद्र सोडूनच फिरणार.

स्टिअरिंगचा झटका हा वेगळा विषय आहे. ६०-७० ला खड्डा लागला आणि पुढचा आख्खा अॅक्सल डावी-उजवीकडे थयथयाट करू लागला, की लोक स्टिअरिंग डँपर बदलतात. डँपर दोष झाकतो. जिप्सीत आधी किंगपिन बेअरिंग, म्हणजे पुढचं चाक ज्यावर डावं-उजवं वळतं ती बेअरिंग, बघा. टाय रॉड आणि ड्रॅग लिंक हे स्टिअरिंगचे दांडे सोडवा, ऑइल सील काढा, नकलच्या (चाक धरणाऱ्या वळत्या भागाच्या) टाय रॉडच्या भोकात ताणकाटा अडकवा आणि हळू ओढा. नकल हलायला १ ते १.८ किलोचा ओढ लागला पाहिजे. कमी लागला तर किंगपिनखालच्या शिम (पातळ चकत्या) कमी करा. हे नीट असेल तर कॅस्टर, म्हणजे किंगपिनचा मागे झुकलेला कोन. जिप्सीचे पुढचे शॅकल पुढच्या टोकाला असतात, त्यामुळे ते लांब केले की कॅस्टर घटतो आणि चाकं सरळ राहायची ओढ हरवतात. त्याच दुकानाचे शॅकल इथेही.

मिस्त्री आता लेथवर बसत नाहीत, पण गेज त्यांच्याच पेटीत असतो. गाड्या बदलल्या आहेत. २०२० च्या थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, तिथे गाडी उंच करणारे ५० मिलीमीटरचे स्पेसर घातले की ड्राइव्ह शाफ्टच्या आतल्या जॉइंटचा कोन वाढतो आणि फोर-हायमध्ये (चारही चाकांना ताकद असताना) जोर देताना थरथर येते. डिफरन्शियल खाली घेतल्याशिवाय ती जात नाही. जिम्नीला उंच केलं की लॅटरल रॉड (अॅक्सलला चासीशी आडवा धरणारा दांडा) अॅक्सलला एका बाजूला ओढतो आणि कॅस्टर कमी होतो, म्हणून लांबी बदलता येणारा रॉड आणि कॅस्टरचे बुश एकत्रच घ्यावे लागतात.

तपासणीचे पैसे आम्ही वेगळे घेतो आणि मोजलेले आकडे लिहून देतो, काम आमच्याकडे करा किंवा दुसरीकडे. येताना टायरचा साइज, कंपन कोणत्या वेगाला आणि कोणत्या गिअरला येतं, आणि गाडीत काय काय बदललं त्याची यादी आणा. गाडी धुऊन आणू नका. कुठे ग्रीस उडालंय, कुठे रंग घासून चमकतोय आणि शाफ्ट कशाला लागतोय, ते त्या धुळीतच दिसतं.