शेवटचा एंटर हातानं का?

तुम्ही विचारलंत म्हणून. माझ्या खुर्चीमागं उभा राहणारा जो तो विचारतो, "एवढे शॉर्टकट बांधलेत, मग शेवटचा एंटर हातानं कशाला मारता?" एकदाचं सांगूनच टाकतो.

पूर्वी नव्हतो मारत. बॅश म्हणजे कमांड टाइप करून संगणकाला कामाला लावायचा प्रोग्रॅम. त्याच्या इनपुटआरसी या शॉर्टकट लिहायच्या फाइलीत कंट्रोल-टीवर रोजची साफसफाई बसवली होती. आधी कंट्रोल-यू, म्हणजे ओळीवर अर्धवट काही असेल तर पुसलं जाईल. मग चालू फोल्डरमधल्या सगळ्या सीएसव्ही, म्हणजे तक्त्यांच्या फायली, उडवणारी आरएम ही कमांड. शेवटी कंट्रोल-एम, म्हणजे एंटरच. एक बटण, काम खल्लास. कंट्रोल-टीचं मूळ काम शेजारची दोन अक्षरं अदलाबदल करायचं. ते कोण वापरतंय, असं वाटलं होतं मला.

वापरणारा शेजारच्याच टेबलावर होता. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना, सर्व्हरवर आम्हा दोघांत खातं एकच. भोगीचा दिवस, मी सिद्धेश्वराच्या अक्षता सोहळ्याला. त्यानं घाईत फायलींची यादी दाखवणाऱ्या एलएसऐवजी एसएल टाइप केलं आणि सवयीनं कंट्रोल-टी दाबलं. फोल्डर नेमकं कंटेनरच्या पॅकिंग लिस्टांचं.

"सर, मी नुसती अक्षरं फिरवली ओ. फायली कुठं गेल्या?"

"काय केलास बे तू?" मी फोनवर ओरडलो. त्याची लाज अजून वाटते. नंदीध्वजांच्या मिरवणुकीनं रस्ते बंद. गर्दीतून गाडीपर्यंत पोचायलाच तास गेला. आरएमला कचरापेटी नसते, बॅकअप आदल्या रात्रीचा. दिवसभराच्या लिस्टा पॅकिंगच्या वहीवरून पुन्हा भरल्या. तो वाचत होता: रंग, साइज, डझन, कार्टन नंबर. मी टाइप करत होतो. त्याच्या डब्यातली तीळ लावलेली बाजरीची भाकरी पहाटे साडेतीनला खाल्ली, कडक झालेली.

मला सगळ्यात बोचतं ते कंट्रोल-यू. ते नसतं, तर एसएलला आरएम चिकटून 'एसएलआरएम' झालं असतं, अशी कमांडच नाही म्हणून बॅशनं हाकलून दिलं असतं. म्हणजे निष्काळजीपणा नडला असं तरी कसं म्हणू? मी काळजी घेतली, तीच नडली.

आता कंट्रोल-एम काढलंय. शॉर्टकट कमांड नुसती ओळीवर आणून ठेवतो, ती वाचून मी एंटर मारतो. "खरंच वाचतोस?" हे माझं मलाच विचारणं. दहातले आठ वेळा नाही वाचत, बोट आपोआप जातं. खाती वेगळी करा म्हणाल, तर तीही केलीत. तरी एंटर बांधायला हात धजत नाही.

कंट्रोल-टी मात्र अक्षरांना परत दिलंय. तो अजून एसएलच टाइप करतो.