फळ्यावरचा त्रिकोण

महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही सोलापुरातल्या एका वाचनालयाच्या सभागृहात जुना सिनेमा दाखवतो. तिकीट नसतं. दाराशी फळा असतो, त्यावर सिनेमाचं नाव, साल आणि किती मिनिटांचा ते लिहिते. कधी कधी मिनिटांच्या खाली, डाव्या कोपऱ्यात, मी एक लहानसा त्रिकोण काढते. "मॅडम, हे कशाला काढता ओ?" असं दर खेपेला कुणी ना कुणी विचारतं. त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो : "थोडं कापलेलं असलं तर बिघडलं काय? जुनाच तर सिनेमा आहे." चपला काढता काढता ऐकून होईल एवढं छोटं हे उत्तर नाही. तुम्ही विचारलंत, म्हणून लिहिते आहे.

त्रिकोण माझा नाही, सेन्सॉर बोर्डाचा आहे. सिनेमा सुरू होण्याआधी पडद्यावर सर्टिफिकेट यायचं, आठवतं? आम्ही पोरं त्यावरचा रिळांचा आकडा मोठ्यानं वाचायचो. सोळा म्हटलं की टाळ्या, बारा म्हटलं की चेहरे पडायचे. त्याच कागदावर खाली डाव्या कोपऱ्यात त्रिकोण असला तर समजायचं, बोर्डानं या सिनेमाला कात्री लावून मग पास केलंय. हे मला मामांनी सांगितलं. मामा इथल्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. मी त्यांचा डबा घेऊन जायचे. कडक भाकरी, शेंगाचटणी, कांदा. ते जेवेपर्यंत मला केबिनमध्ये बसायला मिळायचं.

तिथंच मी पहिल्यांदा सिनेमा कापताना पाहिला. शेवटचा खेळ लांबला की मालकाचा निरोप वर यायचा : गाणं काढा. चार मिनिटांचं गाणं म्हणजे ३६० फूट फिल्म. मामा रीळ टेबलावर घ्यायचे, दिव्यासमोर धरून गाण्याची सुरुवात शोधायचे आणि कात्री चालवायचे. मग एका टोकावरचा थर ब्लेडनं हलक्या हातानं खरवडायचा, त्यावर ब्रशनं सोल्युशन लावायचं, दुसरं टोक त्यावर ठेवून दाबायचं आणि मनात वीस आकडे मोजायचे. सोल्युशनचा वास अजून माझ्या नाकात आहे. काढलेला तुकडा गुंडाळून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात जायचा. मामा वहीत लिहायचे : रीळ ९, गाणं, इतके फूट. प्रिंट परत जायच्या आदल्या रात्री वही उघडून प्रत्येक तुकडा ते जागच्या जागी जोडून द्यायचे.

पण नव्यानं जोडायचं म्हटलं की दोन्ही टोकांच्या एक-दोन फ्रेम जातातच. एका फुटात सोळा फ्रेम, एका सेकंदाला चोवीस. म्हणजे गेलं ते डोळा मिटायच्या आतलं. अशा जोडावर नटीचा हात एकदम खांद्यावर आलेला दिसायचा, उचललेला दिसायचाच नाही. आणि सगळेच ऑपरेटर वही ठेवत नव्हते. गावोगाव फिरून आलेल्या प्रिंटमध्ये काय काय राहून गेलंय, हे आमच्यापर्यंत पोचेस्तोवर कुणालाच सांगता यायचं नाही. मामा म्हणायचे, "सेन्सॉर निदान त्रिकोण तरी काढतं. बाकीच्यांच्या कात्रीला त्रिकोण नाही."

माझं सगळं म्हणणं या एका वाक्यात आहे. पण ते मला पुरतं कळायला माझ्याच हातून एक चूक व्हावी लागली.

सोलापूरकरांना डॉ. द्वारकानाथ कोटणीसांबद्दल मी काय सांगणार! १९१० साली इथं जन्मले. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि १९४२ साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथंच वारले. भैय्या चौकातल्या स्मारकात शाळांच्या सहली जातात. त्यांच्यावरचा 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' १९४६ चा. दिग्दर्शन व्ही. शांतारामांचं, डॉक्टरांची भूमिकाही त्यांचीच, त्यांच्या चिनी पत्नी चिंग लान झाल्या जयश्रीबाई आणि संगीत वसंत देसाईंचं. एका शाळेनं मला विचारलं, दोन तासिकांत बसेल असा करून दाखवाल का? मी हो म्हटलं. घरी संगणकावर बसून गाणी काढली. डॉक्टर प्लेगवर उपाय शोधताना स्वतःच्याच शरीरावर प्रयोग करतात तो भाग काढला, कारण पाचवीची पोरं घाबरतील असं एका बाईंचं म्हणणं पडलं. सगळं नेमकं बसलं. घंटा व्हायच्या आत सिनेमा संपला.

मग मागच्या बाकावरच्या एका मुलानं हात वर केला. "मॅडम, ते तिकडं गेले, लग्न केलं आणि वारले. मग त्यांचं स्मारक कशासाठी बांधलंय?"

त्याचं काही चुकलं नव्हतं. त्यानं जे पाहिलं त्यात तेवढंच होतं. कशासाठी, तो भाग माझ्या टेबलावर पडलेला होता. आणि काहीतरी काढलंय हे त्या वर्गातल्या एकाही मुलाला ठाऊक नव्हतं, कारण मी सांगितलं नव्हतं. पोरांना वाटलं, सिनेमाच असा आहे. पुढच्या आठवड्यात मी त्या वर्गात जाऊन काढलेला भाग दाखवला. घाबरलं कुणी नाही. पण पहिल्यांदा जे मनात बसतं ते पुसत नाही. ती रुखरुख आजही आहे.

हे सगळं नेमकं याच सिनेमाच्या बाबतीत माझ्या हातून व्हावं, हे मला जास्त लागलं. शांताराम कात्रीशी झगडत मोठे झालेले. प्रभातच्या मूकपटाच्या काळात 'स्वराज्याचं तोरण' या नावातल्या स्वराज्यावर इंग्रज सेन्सॉर अडलं आणि तो 'उदयकाल' झाला. १९३५ मध्ये बालगंधर्वांना एकनाथांच्या भूमिकेत घेऊन केलेल्या सिनेमाचं नाव 'महात्मा' होतं, तेही चाललं नाही आणि 'धर्मात्मा' करावं लागलं. आणि कोटणीसांची गोष्ट मुळात लिहिली ख्वाजा अहमद अब्बासांनी. तेच अब्बास पुढं 'चार शहर एक कहानी' या आपल्या छोट्या माहितीपटासाठी सुप्रीम कोर्टात गेले. बोर्ड 'ए' देत होतं, 'यू' हवं असेल तर वेश्यावस्तीतली दृश्यं काढा म्हणत होतं. अब्बासांनी काही काढलं नाही. खटला चालू असताना सरकार न कापता 'यू' द्यायला तयार झालं, तरी ते थांबले नाहीत, मूळ सेन्सॉरशिपलाच त्यांनी आव्हान दिलं. १९७० च्या निकालात कोर्टानं सेन्सॉरशिप कायम ठेवली. मला तो निकाल पटत नाही. कुणी काय वयात पाहावं ते सांगा, माझी ना नाही. २०२३ च्या दुरुस्तीनंतर आता सर्टिफिकेटवर ७, १३, १६ अशी वयं छापायची सोयच झाली आहे. वय सांगता येत असताना कापायचं कशाला?

आताची कात्री तर हाताला लागतच नाही. रुंद टीव्ही भरावा म्हणून जुन्या चौकोनी चित्राचं वरचं-खालचं काढून टाकतात. हिशोब करून पाहा, पाव चित्र जातं. शांतारामांनी जमिनीलगत लावलेला दिवा, वर छताची तुळई, सगळं गायब, आणि बघणाऱ्याला वाटतं चित्र छान भरून आलंय. गाण्याची दोन कडवी जातात, जाहिरातींना जागा होते. यातल्या कशावरही त्रिकोण नसतो.

आणि नोंद राहिली तर काय होतं तेही पाहा. जर्मनीतला 'मेट्रोपोलिस' हा मूकपट १९२७ साली आला आणि काही महिन्यांतच त्यातला मोठा भाग कापला गेला. पुढं तो पुन्हा उभा करणाऱ्यांना सेन्सॉरच्याच जुन्या कागदांचा आधार झाला, कारण पडद्यावरच्या पाट्यांचा मजकूर त्यांत उतरवलेला होता. कुठं काय होतं ते कळत होतं, म्हणून शोध चालू राहिला. २००८ मध्ये अर्जेंटिनात ब्युनोस आयर्सच्या संग्रहालयात जवळजवळ पूर्ण प्रत सापडली. ऐंशी वर्षं झाली होती.

म्हणून मी आधी मिनिटं मोजते. जुन्या जाहिरातींतली, पुस्तकांतली लांबी आणि हातातली प्रत ताडून बघते. कमी भरली तर त्रिकोण काढते आणि सुरुवातीला उभं राहून सांगते : आज आपण जे बघणार आहोत ते पूर्ण नाही, एवढी मिनिटं कमी आहेत. काही जण नाराज होतात. पण लोक वेगळ्या नजरेनं बघायला लागतात. "आत्ता इथं काहीतरी उडालं," अशी कुजबूज होते.

गेल्या पावसाळ्यात असाच त्रिकोणाचा दिवस होता. सिनेमा संपल्यावर एक आजी खुर्चीतून उठेचनात. उभं आयुष्य विड्या वळण्यात गेलेलं, घरची बोली तेलुगू, मराठी अस्सल सोलापुरी. म्हणाल्या, "त्या विहिरीपाशी गाणं होतं की ओ. मी लग्नाआधी बघितलंय." आणि बसल्या जागी त्यांनी दोन ओळी म्हटल्या, तिसरी आठवेना तर नुसती चाल गुणगुणली. पंखे बंद केलेले होते, सगळे ऐकत उभे राहिले. मामांची वही आता माझ्याकडे असते. तिच्या कोऱ्या पानावर मी त्या ओळी उतरवून घेतल्या, पुढं लिहिलं : विहिरीचा प्रसंग, गाणं, प्रतीत नाही. तिसऱ्या ओळीची जागा सोडली आहे. वही दाराशी फळ्याखाली टेबलावर असते, कुणाला आठवली तर लिहा.