पिनेचं तोंड काळं पडलं पाहिजे

ॲल्युमिनियममध्ये ग्रॅफाइट घातलं की वंगण आपोआप मिळतं, असं अनेक प्रोजेक्ट रिपोर्टांत एका ओळीत उरकलेलं असतं. आपोआप काही होत नाही. घासताना ग्रॅफाइट पृष्ठभागावर येऊन पसरावं लागतं. तो थर टिकला तरच घर्षण उतरतं. आणि थर बसणार की नाही, हे बरंचसं भट्टीपाशीच ठरतं.

१ किलो एलएम२५ ला (ओतकामाचा ॲल्युमिनियम-सिलिकॉन मिश्रधातू) ३० ग्रॅम ग्रॅफाइट ही सुरुवातीला बरी मात्रा. कण ५० ते १०० मायक्रॉनचे घ्या; पिठासारख्या पुडीच्या गुठळ्याच होतात. खरं दुखणं असं, की वितळलेला ॲल्युमिनियम ग्रॅफाइटला धरत नाही, शिवाय ग्रॅफाइट त्याच्यापेक्षा हलकं. १९६० च्या दशकात धातुशास्त्रज्ञ प्रदीप रोहतगी आणि सहकाऱ्यांनी कणांवर निकेलचा मुलामा देऊन हा पेच सोडवला होता. साध्या वर्कशॉपमध्ये पूड ४०० अंश सेल्सिअसला तासभर तापवून ओल घालवतात आणि धातूने कण धरावेत म्हणून १० ग्रॅम मॅग्नेशियम फॉइलमध्ये गुंडाळून मेल्टमध्ये, म्हणजे वितळलेल्या धातूत, बुडवतात. मेल्टमधला वायू काढणारी हेक्झाक्लोरोइथेनची गोळी मात्र आधी. नंतर टाकली तर तिचा क्लोरीन मॅग्नेशियमच खाऊन टाकतो.

मेल्ट ७२० अंशांच्या आसपास, स्टरर मिनिटाला ४०० ते ५०० फेऱ्यांवर, पूड चिमटीचिमटीने भोवऱ्याच्या कडेला. भोवरा फार खोल गेला तर हवा ओढली जाते. स्टरर थांबल्यावर ओतायला उशीर झाला, की ग्रॅफाइट मळीबरोबर वर. मेल्ट जास्त तापवून ताटकळत ठेवला तर ॲल्युमिनियम कार्बाइड तयार होतं, ते दमट हवेत फुटतं आणि कण सैल पडतात.

आता पिन-ऑन-डिस्क, म्हणजे या धातूची पिन फिरत्या डिस्कवर दाबून झीज मोजायची चाचणी. ८ मिमीची पिन, कडक केलेली ईएन३१ पोलादाची डिस्क, ३० न्यूटन भार. ट्रॅकचा व्यास १०० मिमी असेल तर सेकंदाला २ मीटर वेगासाठी ३८२ आरपीएम, आणि २००० मीटर अंतर १००० सेकंदांत. समजा पिनेचं वजन ६ मिलिग्रॅमने घटलं आणि घनता २.६५ ग्रॅम प्रति घन सेंमी; तर झीज २.२६ घन मिमी, म्हणजे प्रति न्यूटन-मीटर सुमारे ०.००००३८ घन मिमी.

हे ६ मिलिग्रॅमच फसवतात. ओतीव पिनेच्या छिद्रांत धुण्याचं ॲसिटोन मुरतं. घाईत तोललं तर झीज भलतीच निघते. पॉलिश पेपरचे कण मऊ पिनेत रुतून डिस्कच खरवडतात, ते वेगळंच.

चाचणी संपल्यावर आलेखाआधी भिंग काढा. पिनेच्या तोंडावर सलग, गुळगुळीत काळा पट्टा आणि खाली बारीक काळी भुकटी असेल तर थर बसलाय. चकचकीत पापुद्रे सांडले असतील तर तो फाटलाय: भार जास्त, किंवा ग्रॅफाइटच जास्त. मात्रा वाढवत नेली की कडकपणा उतरतो, भेगा कणांच्या कडेने धावतात. ‘आणखी थोडं ग्रॅफाइट’ हा उपाय म्हणूनच मला पटत नाही. २ ते ५ टक्के सिलिकॉन कार्बाइड जोडीला घालणं बरं, फक्त ते डिस्कला खातं, तेव्हा डिस्कही तोला.

खोलीची आर्द्रता नोंदवायला विसरू नका. ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांना सहज सरकायला बाष्प लागतं. कोरड्या हवेत किंवा निर्वातात तेच ग्रॅफाइट वंगण राहत नाही. मोलिब्डेनम डायसल्फाइड या दुसऱ्या कोरड्या वंगणाचं नेमकं उलट. मे महिन्यातल्या नागपूरचे आकडे जुलैतल्या मुंबईशी जुळले नाहीत, तर मिश्रधातूला दोष देण्याआधी आर्द्रतामापक बघा.