एकच बँड, दोन शिखरं

पीसीआरची, म्हणजे डीएनएच्या एका तुकड्याच्या असंख्य प्रती काढायची, प्लेट संपली तेव्हा वितळण्याच्या आलेखावर एकाऐवजी दोन शिखरं होती, 79.5 आणि 86 अंशांवर. सीनियर खांद्यावरून डोकावले. "प्रायमर-डायमर. टाकून दे, नवे मागव." प्रायमर म्हणजे प्रत जिथून सुरू होते ते डीएनएचे छोटे तुकडे; ते एकमेकांनाच चिकटले की डायमर. आमच्याकडे प्रघातच आहे: एक शिखर म्हणजे पास, दोन म्हणजे कचरा.

पीसीआर झाल्यावर मशीन नळ्या 65 पासून 95 अंशांपर्यंत अर्ध्या अर्ध्या अंशानं तापवतं. सायबर ग्रीन हे रंगद्रव्य चमकतं ते दुपदरी डीएनएला बिलगून. पदर सुटले की उजेड मावळतो. जिथे झपाट्यानं मावळतो तिथे शिखर.

मला खटकलं ते पाणी. टेम्प्लेट, म्हणजे मूळ डीएनए, न घालता नुसतं पाणी घातलेल्या नळ्या सपाट होत्या, आणि डायमर असता तर तो आधी तिथेच दिसला असता.

संध्याकाळी थांबून आमच्या तुकड्याच्या 212 अक्षरांचा (ए, टी, जी, सी) क्रम गणिताला घातला. ए-टीत दोन बंध, जी-सीत तीन, हे शाळेतलं झालं. खरा जोर शेजाराचा. सान्तालुसियांच्या 1998 च्या तक्त्यात, 37 अंशांना, 'ए'पुढे 'टी' आला तर बांधणी मोलमागे 0.88 किलोकॅलरीची, 'टी'पुढे 'ए' आला तर जेमतेम 0.58. अक्षरं तीच, नुसता क्रम उलटा! पण हा तक्ता सहसा वापरतात तो सगळी साखळी एकदम सुटते असं धरून. वीस अक्षरांच्या प्रायमरला ते चालतं, दोनशेला नाही. तिथे पोलंड आणि शेरागा यांचं 1966 चं मॉडेल लागतं: टोक आधी उसवू शकतं, मध्येच बुडबुडाही फुगू शकतो, फक्त बुडबुड्याची दोन्ही टोकं बांधलेली असल्यानं तो महाग पडतो.

उत्तर आलं 77 आणि 83.4. एका टोकाची सत्तरेक अक्षरं जवळपास नुसती ए-टी. ती आधी सुटतात, उरलेला तुकडा तग धरतो. दोन्ही आकडे साधारण अडीच अंशांनी कमी, कारण मी द्रावणातलं फक्त सोडियम धरलं होतं. मॅग्नेशियम आणि रंगद्रव्य हिशेबात नव्हते. पण शिखरांमधलं अंतर जुळलं.

सकाळी दोन टक्क्यांच्या अगारोज जेलवर, जिथे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे होतात, नमुना चालवला. लॅडरच्या, म्हणजे ठरावीक लांबीच्या मापाच्या तुकड्यांच्या, दोनशेच्या रेघेच्या किंचित वर एकच बँड, स्वच्छ.

"चला, पैसे वाचले," म्हणत सीनियर चहाला गेले.

मी जुन्या फायली उघडल्या. याच कारणावरून प्रायमरचे दोन संच आम्ही फेकले होते, जेल न चालवता. एकात पाण्याच्या नळ्या सपाट आहेत. दुसऱ्यात पाण्याची नळीच लावलेली नाही, आणि ती प्लेट माझ्या हातची.